जुन्या लॅपटॉपवर गेम कसा चालवायचा? सोलापूरच्या उन्हात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोक चौकात आमचं घर म्हणजे खाली चार यंत्रमाग आणि वर दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत माझं टेबल, आणि टेबलावर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी उघडलेला लॅपटॉप. दुकान नाही, नाद आहे. माझा स्वतःचा लॅपटॉप २०१५ चा: प्रोसेसर पाचव्या पिढीचा आय५-५२००यू, ग्राफिक कार्ड एनव्हिडिया ९४०एम, आणि घेतला तेव्हा ४ जीबी रॅम. तो अजून चालतो, त्यावर अजून गेम खेळतो, म्हणून मित्र, मित्रांचे भाऊ आणि भावांचे मित्र तेच तेच विचारत येतात. एकदाचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवलं की झालं.

गेम पहिली दहा मिनिटं मस्त चालतो, मग अचानक अडकायला लागतो. व्हायरस शिरला का?

नाही. लॅपटॉप तापलाय.

प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं. लॅपटॉपमधल्या इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःच वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. माझ्या प्रोसेसरचा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर २.७. पंखा तुंबलेला असताना तोच मी १ च्या खाली आलेला पाहिलाय. पहिली दहा मिनिटं बरी जातात, कारण आतली उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि ती बाहेर सोडणारे पत्रे, म्हणजे हीटसिंक, तोवर थंड असतात. ते एकदा भरून तापले की खेळ संपला.

त्यात आपलं गाव. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीत आहे तीच हवा आत ओढून बाहेर टाकतो. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही जवळजवळ तेवढीच वर चढते. डिसेंबरात ८० अंशांवर निवांत चालणारा लॅपटॉप मे महिन्यात, बाहेर पारा बेचाळीसवर असताना, काहीही न बिघडता हद्दीला टेकतो. पुण्याच्या मावसभावाकडे अगदी तोच लॅपटॉप आहे आणि त्याचा अडकत नाही, ही तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो. त्याला म्हणावं, मे महिन्यात लॅपटॉप घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने इकडे ये.

खात्री करायची असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ते मागे चालू ठेवून पंधरा मिनिटं खेळा, मग दोनच आकडे बघा: प्रोसेसरचं कमाल तापमान आणि त्याचा वेग. तापमान ९५ च्या वर आणि वेग पडलेला असेल तर पुढचे चार प्रश्न तुमच्यासाठी. तापमान सत्तरीत असूनही अडकत असेल तर रोग दुसरा आहे, ते चार सोडून पुढे जा.

पंखा साफ केला की. जाळीवर ब्रश मारला. तरी तसंच आहे.

बाहेरून ब्रश मारणं म्हणजे दार पुसून घर झाडलं म्हणण्यासारखं आहे. कचरा जाळीवर नसतो. पंखा जिथून हवा सोडतो तिथे हीटसिंकच्या पातळ पत्र्यांची एक रांग असते, कंगव्यासारखी. पंखा आणि कंगवा यांच्या मधे, आतल्या बाजूला, कचऱ्याची भिंत तयार होते. बाहेरून टॉर्च मारली तरी ती दिसत नाही.

माझा लॅपटॉप मी पहिल्यांदा उघडला तेव्हा तिथून जे निघालं ते धूळ नव्हतंच. चार मागांची सुताची रुई, पिंजलेल्या कापसासारखी दाबून बसलेली. चिमट्याने टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी एकसंध निघून आली, बोटाएवढी लांब, राखाडी, आणि तिच्यात एक निळा धागा. त्या महिन्यात खाली निळ्या किनारीचे टॉवेल चालू होते. आई म्हणाली, "घे, अजून वीतभर जमली की हातरुमाल होईल." त्या पट्टीतून हवा जाणार कुठून? पूर्व भागात ज्यांच्या घराखाली किंवा शेजारी कारखाना आहे, त्यांनी हा प्रश्न दोनदा वाचावा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला रुई नसेल, पण माती आहे, ती काही कमी नाही.

साफ करायचा तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर कीबोर्डला टेंगूळ येतं. पंखा त्याच्या दोन-तीन स्क्रूंसकट वेगळा करा, कंगव्याची आतली बाजू मऊ ब्रशने मोकळी करा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याच्या पात्यात काडी अडकवून तो स्थिर धरा. आमच्या चुलतभावाने पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेतली होती. पंखा भिंगरीसारखा फिरला, दोघंही खूश झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप गिरणीसारखा घरघरायला लागला. बेअरिंग गेलं होतं. शिवाय त्या हवेत पाण्याचा अंशही असतो.

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा उघडायच्या आधीच टचपॅड वर उचललं गेलेलं असेल, तर तिथेच थांबा. ती बॅटरी दाबू नका, टोचू नका, त्यावर गेम तर नकोच. आधी ती बदला.

वर्षातून दोनदा साफ करायची सवय लावा: मार्चमध्ये ऊन चढायच्या आत एकदा, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. कारखान्यावर राहत असाल तर अजून एकदा.

थर्मल पेस्ट बदलली तर फरक पडतो का?

लॅपटॉप पाच-सहा वर्षं जुना असेल आणि पेस्ट एकदाही बदललेली नसेल तर चांगलाच पडतो. चिप आणि तांब्याच्या पट्टीमधली बारीक फट भरायचं काम ही पेस्ट करते. वर्षानुवर्षं तापून ती खडूसारखी कोरडी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मधोमध ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी ठेवा, आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंड, असं नसतं. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात तसा ढीग लावून आणलेले लॅपटॉप मी उघडलेत, पेस्ट बाजूला सांडून सगळी बोर्डावर पसरलेली.

चिपच्या शेजारी मऊ रबरासारखे चौकोनी पॅड असतील तर ते फेकू नका. ती जागा पेस्टने भरत नाही.

कूलिंग पॅड घेऊ का?

आधी सोलापुरी चादरीवरून उठा. हे गमतीत म्हणत नाही. आपली चादर जाड, लॅपटॉपची हवा घ्यायची जाळी खाली, आणि आपण पलंगावर लोळून खेळणार. मग पंख्याने श्वास घ्यायचा कुठून? लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवा आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं सरकवा. खालून हवेला वाट मिळाली की बऱ्याच लॅपटॉपचं तापमान तेवढ्यानेच काही अंश उतरतं. हा फुकटचा उपाय करून मग पॅडचा विचार करा. आतून तुंबलेल्या लॅपटॉपखाली पॅड लावणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसासमोर टेबलफॅन लावणं.

एअर कूलर मात्र आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खरंच उपयोगी आहे, कारण तो खोलीच थंड करतो. पाणी रोज न येणाऱ्या शहरात कूलरची टाकी कुणी भरायची, हा घरातला वाद मी सोडवू शकत नाही. फक्त लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका, तुषार उडतात. आणि एवढं करूनही भागत नसेल तर मे महिन्यात दुपारी दोनला खेळू नका, रात्री दहाला खेळा.

टर्बो बंद केल्यावर लॅपटॉप थंड राहतो म्हणतात. पण मग वेग कमी नाही का होणार?

टर्बो म्हणजे प्रोसेसर मूळ वेगाच्या वर लावतो तो जोर. तो बंद केल्यावर वेग कागदावर कमी होतो, खेळताना बहुतेक वेळा जाणवत नाही. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात तुमच्या प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. तिथे कमाल प्रोसेसर स्टेट १०० च्या जागी ९९ टक्के करा. एका टक्क्याने टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर त्याच्या मूळ वेगावर राहतो. उड्या मारून थकण्यापेक्षा तो एका चालीने चालत राहतो. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर एकाच तांब्याच्या नळीवर असतील, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा असतातच, तर प्रोसेसरने सोडलेली जागा ग्राफिक कार्डाला मिळते.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरने व्होल्टेज कमी करता येतं, म्हणजे तोच वेग कमी उष्णतेत. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाली आणि नंतरच्या बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा रस्ता बंद झाला. चालत असेल तर थोडं थोडं उतरवत जा. लॅपटॉप मधेच बंद पडला तर एक पायरी मागे या.

चार्जर काढला की गेम रांगतो. आणि आता तर चार्जर लावूनही तसाच.

पहिलं साहजिक आहे. बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम हात आखडता घेतो, म्हणून गेम नेहमी चार्जर लावूनच खेळायचा.

दुसरं मजेशीर आहे. मूळ चार्जर गेला, मिळाला तो घेतला, पिन बसली, दिवा लागला. पण मूळ ९० वॅटचा होता आणि हा ६५ चा. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही की तो प्रोसेसरला खालच्या वेगावर बांधून ठेवतो. तापमान ५५, वेग ०.८, गेम ठप्प, आणि आपण विंडोज तीनदा नवीन टाकतो. माझे स्वतःचे दोन रविवार यात गेलेत. चार्जरच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात. नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. १९.५ व्होल्ट आणि ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॅट.

मेलेली बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. अचानक जोर लागतो तेव्हा चार्जरला बॅटरीची साथ लागते. ती नसेल तर बरेच लॅपटॉप वेग उतरवतात. आणि गेम सेव्ह न करता लाइट गेली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

एनव्हिडियाचं स्टिकर आहे, पण गेम तर कार्डच नसल्यासारखा चालतो.

स्टिकर खरं आहे. पण अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक असतात, इंटेलचं आणि एनव्हिडियाचं, आणि विंडोज कधी कधी गेमला चुकीच्या दारात उभं करतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, गेमची फाईल निवडा, हाय परफॉर्मन्स करा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ यांपैकी कुठलं राबतंय ते दिसतं.

रॅम ४ ची ८ केली तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढतील का? दुकानदार म्हणतो एकच ८ ची घ्या.

४ जीबीवर आज विंडोज आणि ब्राउझर मिळूनच ताट भरतं. गेमला पानात जागा उरत नाही, मग तो हार्ड डिस्कवर जाऊन बसतो आणि दर वळणावर झटके देतो. त्यामुळे ८ हवीच.

पण एकच ८ ची घ्यायची की दोन ४ च्या, इथे थांबून विचार करा. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचं आतलं ग्राफिक याच रॅममधून काम करतं. डीडीआर४-२४०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी ने-आण करते. दोन पट्ट्या, दोन चॅनेल, म्हणजे ३८.४. चिप तीच, रस्ता दुपदरी. रस्त्यावरच अडलेल्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून दोन खाचे असतील तर दोन्ही भरा. एक पट्टी बोर्डावर कायमची बसवलेली असेल तर दुसरी तिच्याच मापाची घ्या. दुकानदाराचंही चूक नाही. पुढे १६ करायची असेल तर एकच ८ ची घेणं सोयीचं. पण तुम्हाला खेळायचंय आज.

घेताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ ची. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला एल लागते. साधी बसते, पण स्क्रीन काळीच राहते, आणि मग "मदरबोर्ड गेला" असं कुणीतरी सांगतं.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर?

गेम लवकर उघडेल, नकाशा लवकर लोड होईल, मोकळ्या जगाच्या गेममध्ये पळताना येणारे झटके कमी होतील, आणि विंडोज पुन्हा तरुण वाटेल. एफपीएसचा आकडा मात्र साधारण तिथेच राहील. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. तरी मी म्हणेन, रॅमनंतरचा पैसा इथेच घाला. गेमसाठी नाही तर तुमच्या डोक्यासाठी. एम.२ खाच (छोट्या पट्टीसारखी एसएसडी बसते ती) असेल तर ती साटा प्रकारची एसएसडी घेते की एनव्हीएमई प्रकारची, ते आधी बघा. खाच एकच असली तरी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवून जुनी हार्ड डिस्क तिथे ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, मोजून घ्या.

गेमच्या सेटिंगमध्ये सगळं लो केलं तरी चालत नाही. आता काय?

सगळं लो करणं हीच चूक असते. चेहरा पुसला जातो आणि खरा बोजा तसाच राहतो.

पहिली चाचणी अशी. रिझोल्यूशन सगळ्यात खाली आणा आणि एफपीएस बघा. वाढले, तर अडचण ग्राफिक कार्डात. ढिम्म हलले नाहीत, तर प्रोसेसरच दमलाय. मग कितीही चित्र पुसा, उपयोग नाही.

ग्राफिक कार्ड दमलं असेल तर आधी रिझोल्यूशनच कमी करा. १९२०×१०८० म्हणजे दर फ्रेमला २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवायचे. १२८०×७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. निम्म्याहून कमी काम. पंधरा इंची स्क्रीनवर हे थोडं धुरकट दिसतं, पण चालतं. गेममध्ये रेंडर स्केल किंवा एफएसआर असा, चित्र लहान काढून मोठं करणारा पर्याय असेल तर तोच वापरा, म्हणजे अक्षरं आणि मेनू स्वच्छ राहतात. मग सावल्या उतरवा, त्या महाग असतात. त्यानंतर अँटिअलायझिंग (कडा मऊ करणं), अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतला अंधार), गवत आणि प्रतिबिंबं. टेक्श्चरला, म्हणजे वस्तूंवरच्या पोताला, मात्र घाईने हात लावू नका. कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर टेक्श्चर मीडियमवर ठेवूनही वेग फारसा पडत नाही, आणि गेम बघवतो. कार्डाच्या मेमरीच्या बाहेर गेलात तर मात्र झटके येणारच.

प्रोसेसर दमला असेल तर गर्दी कमी करा. जीटीए ५ मध्ये पॉप्युलेशन डेन्सिटी आणि लांबवरचं दिसण्याची पट्टी खाली ओढा. रस्त्यावर माणसं आणि गाड्या कमी होतात. आपल्या नवी पेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि पाडव्यानंतर जेवढा फरक असतो, तेवढा.

६० एफपीएस मिळवायचेच आहेत. मिळतील ना?

दहा वर्षांच्या लॅपटॉपवर? काही गेममध्ये हो, बाकीच्यात हट्ट सोडा.

आमच्याकडे माग चालू असताना वडील वरच्या खोलीत बसून ओळखतात की तीन नंबरचा बिघडलाय. वेगावरून नाही, ठोक्यावरून. ठोका एकसारखा असेल तर माग हळू चालला तरी कापड सरळ येतं; ठोका चुकला की पट्टा पडतो. गेमचंही तसंच आहे. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम, ३० म्हणजे दर ३३.३ ला. आकडा ५५ वरून २५ वर आणि परत ५० वर उड्या मारत असेल तर डोळ्यांना त्रास त्या उड्यांचा होतो. गेममध्ये किंवा रिव्हाट्यूनर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ३० किंवा ४० ची मर्यादा घाला. कार्डाला मधे उसंत मिळते, उष्णता घटते, आणि तासाभरानेही तोच ठोका राहतो. माझ्या लॅपटॉपवर मी सगळ्यात जास्त समाधानाने केलेलं सेटिंग हेच.

ड्रायव्हर नवीन टाकू की जुनाच ठेवू?

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला चिप चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर. ते फक्त चिप बनवणाऱ्या किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला घरात घेऊ नका. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीसाठी, म्हणजे ९४०एम, ९४०एमएक्स, एमएक्स१५०, जीटीएक्स १०५० वगैरे, ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर थांबले. सुरक्षेचे अपडेट तेवढे येत राहतात. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिकवर तर कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून गेमला ग्राफिकशी जोडणारं डायरेक्टएक्स १२ च काढून घेतलं. एखादा गेम "डायरेक्टएक्स १२ नाही" म्हणून उघडतच नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. गेममध्ये डायरेक्टएक्स ११ चा पर्याय शोधा.

विंडोज ७ वर परत जाऊ का? हलकं होतं म्हणतात.

नको. १ जानेवारी २०२४ पासून गेम विकणाऱ्या स्टीमनेच विंडोज ७ आणि ८ ला रामराम केलाय. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० स्वच्छ टाकून वाढीव अपडेट चालू करणं हा सध्या बरा मार्ग आहे. कुणीतरी कापूनकुपून बनवलेलं "गेमिंग विंडोज" घेऊ नका. काय कापलं ते आपल्याला माहीत नसतं, काय जोडलं ते तर त्याहून नाही.

गेम बूस्टर, रॅम क्लीनर यांनी काही होतं?

मागे अजून एक सॉफ्टवेअर चालू होतं, एवढंच होतं. त्याऐवजी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते बंद करा, ब्राउझर बंद करा, एक्सबॉक्स गेम बारचं मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद करा, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) बंद करायचा सल्ला व्हिडिओत दिसला तर व्हिडिओ बंद करा.

मित्राच्या पेन ड्राइव्हवरून गेम घेतला तेव्हापासून लॅपटॉप नुसता उभा असतानाही तापतो.

क्रॅक केलेल्या गेमच्या पोटात कधी कधी क्रिप्टो मायनर असतो. तुमच्या विजेवर, तुमच्या कार्डावर दुसरा कुणीतरी पैसे कमावतो. खूण अशी: काही न करता पंखा पळतो आणि टास्क मॅनेजर उघडला की शांत होतो, कारण तो लपायला शिकलेला असतो. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याशिवाय मला दुसरं काही भरवशाचं वाटत नाही. सेलमध्ये जुने चांगले गेम शेव-चिवड्याच्या भावात मिळतात.

ऑनलाइन खेळताना माणूस एकदम इकडून तिकडे उडी मारतो. हेही तापल्यामुळे का?

बहुधा नाही, ते नेट. एफपीएस आणि पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रच अडकत असेल तर दोष लॅपटॉपचा. चित्र गुळगुळीत पण समोरचा उड्या मारत असेल तर पिंगचा. राऊटरला केबलने जोडून बघा. जमत नसेल तर वायफाय २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर घ्या. मधे दोन दगडी भिंती असतील, जुन्या पेठांतल्या वाड्यांत असतातच, तर ५ चा काही टिकाव लागत नाही.

मोबाइलचे गेम लॅपटॉपवर एमुलेटरने खेळायचेत.

बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, एमुलेटरला निम्मे कोअर आणि निम्मी रॅम द्या, सगळं देऊन विंडोजला उपाशी ठेवू नका. ४ जीबीवर हा खटाटोप करूच नका. तुमचा फोनच जास्त बरा चालवेल.

मग खेळायचं तरी काय?

व्हॅलोरंटची किमान मागणी इंटेल एचडी ४००० आणि ४ जीबी रॅम आहे, त्यामुळे तो बहुतेकांकडे उभा राहतो. काउंटर-स्ट्राइक मात्र फसवा आहे: २७ सप्टेंबर २०२३ ला जुन्या सीएस:गोच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला, आणि तो बराच जड आहे. काल चालणारा गेम आज का चालत नाही, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. माइनक्राफ्ट जावा आवृत्तीवर सोडियम हा वेग वाढवणारा मॉड टाका, रेंडर डिस्टन्स ८ ठेवा. हा फरक बघून माझा भाचा मला जादूगार समजायला लागला. हॉलो नाइट, स्टारड्यू व्हॅली, सेलेस्ट हे गेम जुन्या लॅपटॉपसाठीच केल्यासारखे चालतात. आणि क्रिकेट ०७ आहेच. २००६ मध्ये आलेला गेम, आमच्या गल्लीत अजून त्याच्या स्पर्धा होतात.

ग्राफिक कार्ड बदलून मिळेल का?

लॅपटॉपमध्ये जवळजवळ नाहीच. चिप बोर्डावर डाखलेली असते. बाहेरून कार्ड जोडायच्या खर्चात जुना डेस्कटॉप येतो. बंद पडलेलं कार्ड "हीट देऊन" चालू करणाऱ्यांकडे पैसे देऊ नका. चालतं, आणि थोड्याच दिवसांत परत जातं.

मला स्वतःला उघडायची भीती वाटते. दुकानात देताना काय बघू?

भीती वाटणं ठीक आहे. देण्याआधी एचडब्ल्यूइन्फोचा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, रॅम आणि ड्राइव्ह किती जीबीचे, कुठल्या कंपनीचे, तेही लिहून ठेवा. "सर्व्हिसिंग करा" असं मोघम म्हणू नका. पंखा हीटसिंकपासून वेगळा काढून साफ करा आणि पेस्ट बदला, असं सांगा, आणि जमलं तर समोर बसा. घेताना तिथेच पंधरा मिनिटं काहीतरी जड चालवून आकडा परत बघा. मग लॅपटॉप बंद करून कानाजवळ धरून हळूच हलवा. आत काही खुळखुळलं तर घरी आणू नका, तिथेच उघडायला लावा. एकदा माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपमधून तीन स्क्रू आणि शेंगदाण्याचं अर्धं टरफल निघालं होतं.